'दंगल' कोणी म्हटले? : नायजेरियातील स्त्रियांचे युद्ध आणि त्याचे संशोधन

ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती घटनेचे नाव ठेवण्याचा अधिकार. ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको. वरळीला १९७४ साली जे घडले ते 'दंगल' म्हणून नोंदले गेले. मराठवाड्यात १९७८ साली गावोगाव दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, तीही 'दंगल'च. या शब्दात एक मोठी सोय आहे. दंगलीत दोन बाजू असतात, दोन्ही बाजूंची डोकी फिरलेली असतात आणि मधे उभे असते ते शहाणे, समतोल सरकार. कोणी कोणाला मारले, का मारले, हा प्रश्न शब्दानेच पुसून टाकलेला असतो.

नायजेरियाच्या आग्नेय भागात १९२९ च्या अखेरीस जे घडले, ते इंग्रजांच्या दप्तरात असेच 'आबाची दंगल' म्हणून जमा झाले. (आबा हे तिथल्या एका शहराचे नाव आहे, आपण आजोबांना मारतो त्या हाकेशी त्याचा संबंध नाही.) ज्या बायांनी ते घडवले त्या इग्बो भाषेत त्याला 'ओगू उमुन्वान्यी' म्हणत होत्या. ओगू म्हणजे युद्ध, उमुन्वान्यी म्हणजे बाया. बायांचे युद्ध. सरकारी नावात बाया नाहीत आणि युद्धही नाही. आहे फक्त एका शहराचे नाव आणि एक आरोप. हे बायांचे नाव विद्यापीठीय संशोधनात मानाने परत यायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. ते कसे परत आले आणि परत येताना काय मागे राहिले, ते प्रस्तुत लेखात मला मांडायचे आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्या चळवळीने काळ्या माणसाचे दुःख जवळचे मानले खरे, पण ते बहुतांशी अमेरिकेच्या वाटेने आपल्यापर्यंत आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्याच १९७२ साली ज्युडिथ व्हॅन ॲलन या संशोधिकेचा इग्बो स्त्रियांच्या हरवलेल्या राजकीय संस्थांवरचा निबंध कॅनडातील आफ्रिकाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच साली नायजेरियाचे इतिहासकार ए. ई. अफिग्बो यांचा 'वॉरंट चीफ्स' हा ग्रंथ बाहेर पडला. अमेरिकेची हाक आपल्याला ऐकू आली, आफ्रिकेची ही दोन पुस्तके फारशी कोणी उघडली नाहीत. त्यात आपला दोष काढण्यापेक्षा आता ती उघडावीत, हे बरे.

आधी भूमी समजून घेतली पाहिजे. १९१४ साली उत्तर आणि दक्षिण भाग जोडून इंग्रजांनी नायजेरिया नावाची एक वसाहत केली. ती जोडणारा गव्हर्नर लुगार्ड. त्याचा जन्म मद्रासचा, आणि संस्थानिकांच्या मार्फत राज्य करण्याची विद्या इंग्रजांनी आपल्याकडे पक्की केलेली होतीच. उत्तरेत अमीर होते, त्यांच्या मार्फत कारभार चालवणे सोपे गेले. पण आग्नेयेकडच्या इग्बो आणि इबिबिओ लोकांत बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता. गावाची सभा, वयोगटांचे संघ, कुळांतील जाणती माणसे, दैवते आणि बाजार, यांच्या परस्पर ताणातून तेथील व्यवहार चालत असे. राजा नाही म्हटल्यावर साहेबाने राजा तयार केला. एखाद्याला बोलावले, हातात सरकारी परवाना म्हणजे वॉरंट दिले, डोक्यावर टोपी चढवली आणि न्यायालयाच्या बाकावर बसवले. हाच तो 'वॉरंट चीफ'. कित्येकदा तो गावातला प्रतिष्ठित माणूसही नसे. अशा माणसाच्या हाती एकाएकी न्यायनिवाडा, वेठ आणि पोलीस आले, तेव्हा त्याने काय केले असेल हे गावच्या पाटलाचा आणि कुलकर्ण्याचा अनुभव घेतलेल्यांना सांगायला नको. बायांच्या तक्रारी स्पष्ट होत्या. हे चीफ त्यांची जनावरे ओढून नेत, आणि मुलीची संमती न घेता, पुरते देजही न देता तिला बायको म्हणून घरात घालीत. दाद मागायची तर ती त्यांच्याच कोर्टात.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. साहेबाने जी माणसे नेमली ती पुरुष होती. इग्बो समाजात स्त्रियांच्या स्वतःच्या सभा होत्या हे त्याच्या डोक्यातही आले नाही, कारण त्याच्या स्वतःच्या देशात स्त्रीला मताचा अधिकार मिळून फार काळ झालेला नव्हता. व्हॅन ॲलनबाईंनी या सभांचे वर्णन केले आहे. लग्न होऊन गावात आलेल्या सगळ्या बायांच्या या सभेला 'मिकिरी' किंवा 'मितिरी' म्हणत. हा शब्द इंग्रजी 'मीटिंग'वरूनच पडलेला. या सभेत बाजाराचे नियम ठरत, ते मोडणाऱ्यांना दंड होई, बायकोला झोडपणाऱ्या नवऱ्याची चर्चा होई, कोणाच्या गुरांनी कोणाचे पीक खाल्ले याची झडती होई. मुली लग्न करून दुसऱ्या गावी जात, म्हणजे प्रत्येक बाईला दोन गावे होती. माहेर आणि सासर यांचे हे जाळे, वर बाजाराचे जाळे. एका गावची बातमी दुसऱ्या गावी न्यायला त्यांना टपालखात्याची गरज नव्हती.

आणि ज्या पुरुषाने ऐकले नाही त्याच्यासाठी एक शिक्षा होती. तिला 'पुरुषावर बसणे' म्हणत. रात्री सगळ्या बाया त्याच्या वाड्यावर जमत, नाचत, त्याच्या एकेका कृत्याचा पाढा वाचणारी, त्याच्या पुरुषार्थाची रेवडी उडवणारी गाणी म्हणत, कंद कुटायच्या मुसळांनी त्याची झोपडी बडवत, प्रसंगी छप्पर उतरवत. त्याने कबूल होऊन वर्तन सुधारण्याचा शब्द दिल्यावरच उठत. आपल्याकडे देणेकऱ्याच्या दारात जुन्या काळी धरणे धरून बसत त्याची आठवण होते, पण इथे उपासमार स्वतःची नाही. झोप उडते ती गुन्हेगाराची. दुसरे हत्यार संपाचे. सगळ्या गावच्या बायांनी चूल बंद ठेवायची. इतर पुरुष अशा वेळी मधे पडत नसत. इंग्रजी कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरवला. बाईचे स्वतःचे न्यायालय बेकायदेशीर झाले आणि चीफचे न्यायालय कायदेशीर.

आता मुख्य घटना. १९२६-२७ च्या सुमारास या भागात पुरुषांची मोजणी झाली. ती करासाठी नाही, असे सांगण्यात आले. १९२८ साली पुरुषांवर कर बसला. पुढे १९२९ साली बेंडे विभागात एका हंगामी अधिकाऱ्याने हुकूम काढला की जुनी नोंद अपुरी आहे, आता बायका, मुले आणि जनावरेही मोजा. एकदा फसलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी काय वाटेल? त्यातून त्याच वर्षी पामतेलाचे भाव कोसळू लागले होते. तेथील व्यवस्था अशी की तेल नवऱ्याचे, पण बियांच्या आतला गर बायकोचा. त्या गराच्या पैशावर बाईचे घर चाले. बाजार पडला, आणि वर कर येणार.

मोजणीविषयी तिथे एक जुना समज होता. स्वतंत्र माणसाला मोजायचे नसते, मोजायचे ते गुलामाला. मला हे वाचताना परके वाटले नाही. आमच्या वस्तीत सरकारी माणूस वही घेऊन आला की म्हाताऱ्या बाया पोरांना आत ढकलत आणि म्हणत, मोजू नका, दृष्ट लागते. दृष्टीची भाषा बोलत असल्या तरी वहीत नाव गेले की मागून काहीतरी वसूल होते, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते.

ओलोको नावाच्या गावी ओकुगो हा वॉरंट चीफ होता. त्याने मोजणीचे काम मिशनच्या शाळेतील एमेरुवा या शिक्षकाकडे सोपवले. नोव्हेंबर १९२९ मध्ये हा शिक्षक न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला. ती तेल काढत होती. तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि माणसे मोज, असे त्याने तिला सांगितले. तिची गरोदर सून नुकतीच वारली होती, तिचे सुतक तिच्या मनातून गेले नव्हते. तिने त्याला विचारले की तुझी आई मोजली गेली होती काय. दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. तिचे हात तेलाने माखलेले होते. ती तशीच बायांच्या सभेकडे गेली.

पुढचे काम पामच्या पानांनी केले. हे पान म्हणजे निरोपही आणि आवतणही. हाती आलेले पान बाईने पुढच्या गावी पोचते करायचे, अशी त्याची रीत. हजारो बाया ओलोकोला जमल्या, त्या शिक्षकाच्या मिशनच्या आवारात जाऊन 'बसल्या', मग ओकुगोवर 'बसल्या'. त्याची टोपी काढून घ्या, ही त्यांची मागणी. ती टोपी सरकारने घातलेली होती आणि सरकारनेच ती काढावी, इतके त्यांना नेमके कळत होते. इकोन्निया, न्वान्नेदिया आणि न्वुगो या तिघी त्यांच्या वतीने अधिकाऱ्यांशी बोलत. ओकुगोला अटक झाली, खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि बायांवर कर बसणार नाही, असे आश्वासन मिळाले.

इथे प्रकरण मिटायला हवे होते, असे त्या वेळच्या अधिकाऱ्यांना वाटले. परंतु बायांचे प्रकरण केवळ कराचे नव्हतेच. ओलोकोचा चीफ गेला तर आमचा का नाही, असे गावोगाव विचारले जाऊ लागले. १९२५ मध्येच न्वाओबिआला नावाच्या नृत्यफेऱ्या काढून बायांनी नव्या काळातील अनिष्ट गोष्टींविरुद्ध आवाज उठवला होता. त्याला साहेबाने नाच म्हणून हसण्यावारी नेले होते. आता ओवेरी आणि कालाबार या दोन प्रांतांत, सहा हजार चौरस मैलांच्या टापूत, बाया उठल्या. कमरेला आखूड वस्त्र, तोंडाला कोळसा किंवा राख, डोक्याला नेच्याची कोवळी पाने, हातात पामची पालवी गुंडाळलेली काठी. हा युद्धाचा वेश होता. नेटिव्ह कोर्टांच्या इमारती मोडल्या, काही जाळल्या. आबा शहरात एका इंग्रज डॉक्टरच्या मोटारीने दोन बायांना धडक दिली आणि संताप भडकला. युरोपीय दुकाने आणि बार्कलेज बँकेवर हल्ले झाले, तुरुंग फोडून कैदी सोडले गेले. हे लपवण्याचे कारण नाही. पण हल्ल्याचे ठिकाण पाहा. कोर्ट, तुरुंग, बँक आणि कंपनीचे दुकान. उन्माद आलेला जमाव इतक्या शिस्तीने निवड करत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उटू एतिम एक्पो येथे १५ डिसेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी ओपोबो येथे. ओपोबोची हकीकत मला सर्वांत बोचते. तिथे बाया जिल्हा अधिकाऱ्याच्या कचेरीसमोर जमून बोलणी करत होत्या. त्यांना तोंडी शब्द नको होता. टंकलिखित कागद हवा होता, त्यावर लिहिलेले हवे होते की बायांवर कर बसणार नाही, बाजाराच्या छपराखाली बसण्याचे भाडे घेतले जाणार नाही. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या या बाया कागद मागत होत्या, कारण कागदाने काय होते ते त्यांना चीफच्या वॉरंटने शिकवले होते. कागद टंकला जात असताना गर्दी कुंपणाला भिडली आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. एकट्या ओपोबोत तीसच्या आसपास बाया मेल्या. सगळ्या ठिकाणचा हिशेब केला तर पन्नासाहून अधिक. सरकारी बाजूचा एकही माणूस मेला नाही. त्यानंतर सामूहिक दंडाचा कायदा लावून गावांकडून पैसे वसूल करण्यात आले. ज्यांच्या बाया मेल्या, त्यांनीच दंड भरला.

'सुरक्षा' हा शब्द मी या संदर्भात फार सावधपणे वाचतो. कचेरीच्या कुंपणाची सुरक्षा मोजता येते. किती खांब मोडले, किती काचा फुटल्या, हे अहवालात येते. बाईच्या बियांच्या गराची, तिच्या पोरीच्या अंगाची, रात्री नवऱ्याच्या मारापासूनची सुरक्षा अहवालात रकाना म्हणूनही नसते. मिकिरी ती सुरक्षा पाहत होती. ती मोडून तिच्या जागी जे आणले गेले, त्याच्या रक्षणासाठी सैनिक आले.

चौकशी झाली. पहिली, जानेवारी १९३० ची, दोन सदस्यांची, गोळीबाराचे समर्थन करून मोकळी झाली. त्यावर ओरड झाल्यामुळे सरन्यायाधीश डोनाल्ड किंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमला गेला, त्यात दोन आफ्रिकी वकीलही होते. या आयोगासमोर चारशेहून अधिक साक्षी झाल्या आणि त्यांत बायाही बोलल्या. त्यांच्या साक्षी दुभाष्याच्या तोंडून इंग्रजीत गेल्या, छापल्या गेल्या. बाई ही फळ देणारे झाड आहे, तिला मोजायचे कारण काय ते सांगा, असे एका बाईने विचारल्याचे त्यात आहे. चीफ लाच खातात, आमच्या माणसांना न्याय मिळत नाही, गोऱ्यांनी आपल्या देशी जावे, हेही आहे. आयोगाने कराची भीती आणि नेटिव्ह कोर्टांतील भ्रष्टाचार ही कारणे मान्य केली. आयोगांचा अनुभव आपल्यालाही आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, न्यायमूर्ती गुंडेवार आयोग बसला, त्याने गोळीबार अनावश्यक ठरवला. आयोग न्याय देतोच असे नाही. पण आयोगाच्या छापील साक्षी उरतात, आणि ज्याचे बोलणे एरवी कोणी लिहून घेतले नसते त्याचे बोलणे त्या कागदांत अडकून पडते. इग्बो बायांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

यानंतर सरकारला एकाएकी संशोधनाची तहान लागली. आपण ज्यांच्यावर राज्य करतो ते लोक कोण आहेत हेच आपल्याला कळलेले नाही, ही भीती होती ती. जिल्हा अधिकाऱ्यांना गावागावांच्या रचनेवर अहवाल लिहायला बसवण्यात आले. त्यांना नाव होते 'इंटेलिजन्स रिपोर्ट', आणि त्यात ज्ञान व हेरगिरी दोन्ही अर्थ सामावले होते. सरकारी मानववंशशास्त्रज्ञ सी. के. मीक यांचा ग्रंथ १९३७ साली आला. मार्जरी पेरहॅम यांनी त्याच वर्षी नायजेरियाच्या कारभारावरील ग्रंथात या उठावाची सविस्तर दखल घेतली. सिल्व्हिया लीथ-रॉस आणि एम. एम. ग्रीन या दोन इंग्रज बायांना लिव्हरह्यूम निधीतून अभ्यासवृत्ती देऊन इग्बो स्त्रियांत पाठवण्यात आले. लीथ-रॉस यांचे 'आफ्रिकन विमेन' १९३९ साली आणि ग्रीन यांचे 'इबो व्हिलेज अफेअर्स' १९४७ साली प्रसिद्ध झाले. (लिव्हरह्यूम म्हणजे साबणाचा कारखानदार. त्याच्या साबणाला पामतेल लागे, आणि ते तेल या बाया काढत. ज्यांच्या घामावर निधी उभा राहिला, त्यांच्यावरच त्यातून ग्रंथ लिहिले गेले.)

ही पुस्तके निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. ग्रीनबाई गावात राहिल्या, त्यांनी बायांच्या सभा जवळून पाहिल्या. पण प्रश्न विचारणारा कोठे उभा आहे यावर उत्तराचे रूप ठरते. या सगळ्या अभ्यासामागचा प्रश्न होता, बाया पुन्हा उठू नयेत म्हणून काय करावे? १९३० नंतरच्या दशकात कारभारात सुधारणा झाल्या, वॉरंट चीफ गेले, गावाच्या जाणत्यांना मोठ्या संख्येने कोर्टात बसवण्यात आले. बायांच्या युद्धाचा हा विजयच होता. पण कोर्टाच्या बाकावर पुन्हा पुरुषच बसले. एखाद-दुसऱ्या ठिकाणी एखादी बाई आली, एवढेच. युद्ध बायांनी केले, जागा पुरुषांनी घेतल्या. आपल्या चळवळीतल्या बायांनी हे वाक्य वाचले तर त्या हसतील, आणि ते हसू आपल्याला ऐकून घ्यावे लागेल.

व्हॅन ॲलनबाईंनी १९७२ साली नवे काय केले? त्यांनी नवी कागदपत्रे शोधून काढली असे नाही; साक्षींची ती छापील पाने आधीपासून होतीच. त्यांनी ती 'दंगलखोरांचे जबाब' म्हणून न वाचता एका न्यायसंस्थेच्या सभासदांचे बोलणे म्हणून वाचली. तसे वाचताच सगळे जुळले. बाया ओकुगोच्या घराभोवती नाचत होत्या तो उन्माद नव्हता, ते 'पुरुषावर बसणे' होते. फरक एवढाच, की या वेळी ज्याच्यावर बसायचे तो पुरुष म्हणजे संपूर्ण वसाहतीचे राज्य होते, आणि या पुरुषाला मधे न पडण्याचा संकेत ठाऊक नव्हता. १९७६ साली त्यांनी थेट नावाचाच प्रश्न विचारला, 'आबाची दंगल' की 'इग्बो स्त्रियांचे युद्ध'? त्याच सुमारास कामेने ओकोंजो या इग्बो विदुषीने सांगितले की त्यांच्या समाजात स्त्रियांची आणि पुरुषांची अशी दोन समांतर राजकीय अंगे होती. नीना म्बा यांचा नायजेरियन स्त्रियांच्या राजकीय संघटनांचा इतिहास १९८२ साली आला. त्यात १९२९ ही सुटी घटना राहिली नाही, १९४० नंतर फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली अबेओकुटाच्या योरुबा बायांनी दिलेल्या करविरोधी लढ्याच्या शेजारी ती येऊन बसली.

मग १९८७ साली इफी अमादिउमे यांचे 'मेल डॉटर्स, फीमेल हजबंड्स' प्रसिद्ध झाले. न्नोबी या गावच्या अभ्यासातून त्यांनी दाखवले की तेथे मुलगी कुळाच्या व्यवहारात 'पुत्र' होऊ शकत असे, श्रीमंत बाई दुसरी बाई 'बायको' म्हणून आणून तिचा 'नवरा' होऊ शकत असे. पुरुषपण आणि स्त्रीपण शरीराला खिळे मारून बसवलेले नव्हते, ते इंग्रजी राज्याने आणि चर्चने तसे बसवले. गोऱ्या बायांनी आम्हाला आमची मुक्ती शिकवू नये, असा या पुस्तकाचा करडा सूर आहे. तो मला समजतो. दुसऱ्याच्या दुःखावर पदव्या मिळवणाऱ्यांचा संताप आपल्यालाही येतो.

तरी इथे मला थांबावेसे वाटते. हरवलेल्या सुवर्णयुगाची गोष्ट कोणी सांगू लागले की दलित वाचकाने खिशातली यादी बाहेर काढावी आणि विचारावे, त्या युगात आमची बाई कुठे होती?

इग्बो समाजात 'ओसू' नावाचे लोक होते. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस, आणि त्याची संतती. देवळाच्या आसपास राहायचे, स्वतंत्र कुळाच्या माणसाशी म्हणजे 'दिआला'शी लग्न करायचे नाही. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या १९५८ च्या कादंबरीत ओसूची खूण सांगितली आहे ती लांब, गुंतलेल्या, वस्तरा न लागलेल्या केसांची; त्याला स्वतंत्र माणसांच्या सभेत प्रवेश नाही, मेल्यावर गावच्या मातीत जागा नाही. जट आलेली पोर यल्लम्माला सोडताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळे काय सांगू? देवाचे माणूस म्हणून पवित्र आणि म्हणूनच अस्पर्श, ही कारागिरी दोन खंडांत स्वतंत्रपणे घडलेली दिसते. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने ओसूप्रथा रद्द करणारा कायदा केला तो १९५६ साली. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेच साल. आपला अस्पृश्यता (गुन्हे) कायदा त्याच्या आदल्या वर्षाचा. दोन्हीकडे कायदा झाला आणि दोन्हीकडे लग्नाच्या बाजारात जात उरली. अचेबे यांच्या १९६० च्या 'नो लाँगर ॲट ईज'मध्ये विलायतेत शिकून आलेला नायक ओसू मुलीशी लग्न करू पाहतो आणि घरचा विरोध किती खोल आहे ते त्याला कळते.

म्हणून, पुरुषांच्या सभेच्या दाराशी ओसू थांबत असेल तर बायांची सभा सगळ्या बायांची होती असे गृहीत धरून चालणार नाही. आणखी एक उदाहरण नायजर नदीकाठचे आहे. ओसोमारीची ओकवेई ही मोठी व्यापारी बाई, १८७२ ते १९४३ असा तिचा काळ. फेलिशिया एकेजिउबा यांनी १९६७ साली तिचे चरित्र मांडले. तिने पामतेलाच्या आणि विलायती मालाच्या व्यापारात संपत्ती केली, राणीच्या तोडीचा 'ओमू' हा किताब मिळवला. तिच्या व्यापारात गहाण पडलेल्या मुलीही होत्या. आई-बापांनी कर्जापोटी दिलेल्या या पोरी तिने वाढवल्या आणि व्यापारी संबंध जुळावेत म्हणून युरोपीय दलालांना त्या दिल्या. ओकवेईचे कर्तृत्व खरे आहे. त्या पोरींचे गहाण पडणेही तितकेच खरे आहे. अमादिउमे यांच्या 'स्त्री नवऱ्या'विषयी वाचतानाही माझ्या मनात तीच शंका येते. नवरा बाई असली म्हणून बायकोचे कांडण काही हलके झाले नसेल. बुची एमेचेटा या इग्बो लेखिकेने १९७७ साली 'द स्लेव्ह गर्ल' ही कादंबरी लिहिली ती भावानेच विकलेल्या एका मुलीवर. अभ्यासकांच्या ग्रंथांत जी पोर तळटीप होते, ती तिथे नायिका झाली.

हा आक्षेप मी साहेबाच्या बाजूने घेत नाही, हे स्पष्ट करायला हवे. वसाहतवादी लेखकही गुलामगिरी आणि ओसू यांचे दाखले देत, पण ते सांगायला की या लोकांना राज्य करता येत नाही. त्याच साहेबाने ओपोबोत गोळ्या झाडल्या. माझे म्हणणे एवढेच, की स्त्रियांच्या न्यायाचा इतिहास लिहिताना 'स्त्री' हा शब्द अखंड धरला तर त्याच्या आत दडलेली ओसू बाई, गहाण पडलेली पोर पुन्हा एकदा दप्तराबाहेर जाते. या वेळी तिला बाहेर ठेवणारे दप्तर आपल्याच माणसांचे असते. २०११ साली टॉयिन फलोला आणि ॲडम पॅडॉक यांनी, आणि २०१२ साली मॅटेरा, बॅस्टियन व केंट या तिघांनी 'स्त्रियांचे युद्ध' हेच नाव शीर्षकात घेऊन ग्रंथ काढले. नावाची लढाई आता जवळपास जिंकलेली आहे. आतल्या बायांची लढाई अजून व्हायची आहे.

ज्या टापूत हे घडले त्याच्या पश्चिमेला, नायजर नदीच्या मुखाशी, जमिनीखाली पेट्रोल सापडले आणि पामतेलाची जागा त्याने घेतली. जुलै २००२ मध्ये एस्क्राव्होस येथील शेव्हरॉन कंपनीचा तेलतळ शेकडो इत्सेकिरी बायांनी दहा दिवस अडवून धरला. त्यांत म्हाताऱ्या होत्या, पाठीला पोरे बांधलेल्या होत्या. मुलांना नोकऱ्या द्या, गावात वीज द्या, शाळा द्या, ही मागणी. ऐकले नाही तर आम्ही वस्त्रे उतरवू, ही धमकी. आईच्या वयाच्या बाईने रागाने उघडे होणे हा त्या भागात पुरुषाला लागणारा सर्वांत मोठा शाप समजला जातो. कंपनीने वाटाघाटी केल्या आणि करार लिहून दिला; या वेळी कागद मिळाला. पुढच्याच महिन्यात वारी शहरात तेलकंपन्यांच्या कचेऱ्यांसमोर जमलेल्या बायांना पोलिसांनी आणि सैनिकांनी मारहाण करून पांगवले.